कापडी पिशवीपासून गिझरपर्यंत

२३ जून २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांची कैद, अशी शिक्षेची उतरंड होती. पहिले काही आठवडे भाजीवाल्याकडे पिशवी मागितली की तो हात जोडायचा. लोकांनी कपाटाच्या तळाशी गेलेल्या पिशव्या बाहेर काढल्या, मासळी बाजारात स्टीलचे डबे दिसू लागले. मग पातळ पिशव्या परत आल्या. आधी हातगाडीच्या फळीखालून, नंतर उघड्यावर. तरी काही घरांत तो डबा टिकला. त्या घरातला माणूस रविवारी मटण आणायला निघताना कुणी न सांगता डबा उचलतो, आणि दंड वगैरे होता हे त्याच्या लक्षातही नसतं.

बंदी ओसरल्यावर एका घरात डबा टिकतो आणि शेजारच्या घरात टिकत नाही, असं का? आणि टिकला तर त्यानं नेमका किती फरक पडतो? पर्यावरणपूरक राहणीवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, पण या दोन प्रश्नांना बगल देऊन. हाती येते ती यादी. सरकारी पातळीवरही तसंच झालं. २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ‘लाइफ’ ही पर्यावरणस्नेही जीवनशैलीची कल्पना मांडली, ऑक्टोबर २०२२मध्ये केवडियाला तिचं अभियान झालं आणि त्यासोबत पंचाहत्तर छोट्या कृतींची यादी आली. सिग्नलला इंजिन बंद करा, एसी २४ अंशांवर ठेवा, कापडी पिशवी वापरा, प्रेशर कुकरमध्ये शिजवा, गळका नळ दुरुस्त करा. यातलं काहीच चुकीचं नाही. अडचण अशी की सगळ्या कृती एका वजनाच्या असल्यासारख्या शेजारी शेजारी बसतात, आणि वाचणारा त्यांतली सगळ्यात सोपी, सगळ्यात दिसणारी कृती उचलून समाधानी होतो.

याच्या दुसऱ्या टोकाला संशय आहे, आणि तो बिनबुडाचा नाही. ‘कार्बन फूटप्रिंट’ ही गोष्ट घरोघरी पोचवण्यात ‘बीपी’ या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. २०००नंतरच्या काही वर्षांत या कंपनीनं लोकांना आपापल्या घराचा कार्बनचा हिशेब करायला सांगितलं, त्यासाठी गणनयंत्रही उपलब्ध करून दिलं. तेल उपसून विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला विचारायचं, की बाबा रे, तू किती धूर सोडतोस? त्यामुळे ‘छोट्या सवयी’ हा शब्दप्रयोग ऐकला की अनेक कार्यकर्ते वैतागतात. वीज कोळशावर बनते ते मी ठरवलं का, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण त्यातून ‘मग मी काहीच करत नाही’ हा निष्कर्ष काढणारे बहुधा दिवाणखान्यात १८ अंशांवर एसी लावून बसलेले असतात, हेही खरं. सवयींना किंमत आहे. सगळ्या सवयींना सारखी नाही, आणि ज्या सवयीच्या पाठीमागे गावाची, पालिकेची, बाजाराची काही व्यवस्था उभी नाही ती फार दिवस जगत नाही. हा आढावा त्या अंगानं घ्यायचा आहे.

सुरुवात पिशवीपासूनच करू, कारण तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त बोललं गेलं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारं तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, आणि पातळ पिशव्यांवर राज्यात पहिला कडक निर्बंध आला तो त्या पुरानंतर. म्हणजे आपल्याकडे पिशवीचा गुन्हा हवामानबदलाचा नव्हे. गटाराचा, नाल्याचा, उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटाचा आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचे आकडे गोंधळात टाकतात. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. डेन्मार्कच्या २०१८च्या अभ्यासात निव्वळ हवामानासाठी हा आकडा पन्नासच्या आसपास आला; पण पाणी, खतं, ओझोनचा थर असं सगळं जमेस धरलं तर तो ७,१०० वर गेला. प्लास्टिक उद्योगाची बाजू मांडणारे हा मोठा आकडा आवडीनं सांगतात. या अभ्यासांत नाल्यात अडकलेल्या पिशवीचा हिशेब नाही, हे ते सांगत नाहीत.

तरी या अभ्यासांचा एक धडा आपल्याला लागू आहे. शहरातल्या मध्यमवर्गीय घरात आज कापडी पिशव्यांचा ढीग आहे. लग्नाच्या आहेराची, परिषदेची, बँकेच्या वर्धापनदिनाची, पुस्तक प्रदर्शनाची. त्यातल्या बऱ्याच तर कापडाच्या नसतातच. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या चुरचुरीत पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात, आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा होतो. नव्या कापसाची नवी पिशवी वाटणं आणि जुन्या साडीची शिवणं यांत फरक आहे. साडीसाठी पिकवलेला कापूस आधीच पिकून, विणून, वापरून झालेला असतो. खरी सवय पिशवी बाळगण्याची नाही, तीच ती पिशवी वर्षानुवर्षं वापरण्याची आहे. तिच्यासाठी पिशवी दाराच्या कडीला किंवा स्कूटरच्या डिकीत असावी लागते, कपाटात घडी घालून नव्हे.

चहाच्या कपाचं असंच झालं. प्लास्टिकचे कप गेले, कागदी आले आणि आपण सुटलो असं वाटलं. त्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा कागदातून झिरपेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं, की असा शंभर मिलिलिटरचा कप गरम पेयासह पंधरा मिनिटं राहिला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. २०२२मध्ये राज्यानं अशा थर दिलेल्या कप-ताटल्यांवरही बंदी आणली, ती किती पाळली जाते हे टपरीवर दिसतंच. काचेचा ग्लास विसळून देणारा चहावाला या सगळ्यात सरस ठरतो, आणि त्याला ते कुणी सांगत नाही.

आता जरा हिशेब मांडू. एका घरात रोज दोन पातळ पिशव्या येतात असं धरा. एका पिशवीचं वजन पाचेक ग्रॅम. वर्षाला साडेतीन-पावणेचार किलो प्लास्टिक झालं आणि ते बनवताना हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड फार तर दहा किलो. त्याच घरातल्या चौघांच्या आंघोळीचं पाणी विजेच्या गिझरवर तापतं. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो. चौघांचे दोन युनिट, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे सहाशे युनिट. देशातली वीज अजून मुख्यतः कोळशावर बनते आणि एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. सहाशे युनिटांचे चारशे किलोंहून अधिक झाले. बादलीऐवजी आठ-दहा मिनिटं शॉवर घेतला तर पाणी तिप्पट लागतं आणि आकडा त्या पटीत चढतो. पिशवीबद्दल मुलांना शाळेत शपथ देतात; गिझरबद्दल कुणी शपथ दिल्याचं ऐकिवात नाही. कारण गिझर न्हाणीघरात असतो, आणि पिशवी चारचौघांत.

घरातल्या विजेचं बहुतेक गणित अशा न दिसणाऱ्या जागी आहे. छतावरचा जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या घरात वीज खातो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढंच वारं तीस वॉटच्या आसपास देतो. दिवसातून बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटहून जास्त वीज वाचते. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी दिवसरात्र थोडी थोडी वीज पीत राहतो. भिंतीवरचं बटण दाबणं हाच उपाय. एसीबद्दल केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं असं, की तापमान एका अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२०पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. सोबत पंखा चालू ठेवला तर २६ अंशही पुरतात, हे ज्यानं करून पाहिलं तो पुन्हा २०वर जात नाही.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे एक सवय अक्षरशः देशभर बदलली, आणि ती कशी बदलली हे पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१५मध्ये ‘उजाला’ योजना आली. सरकारी कंपनीनं एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली आणि तीनशे-साडेतीनशे रुपयांचा बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांवर आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. पिवळा बल्ब आज खेड्यातल्या दुकानातही शोधावा लागतो. एवढ्या लोकांना कुणी पर्यावरणाचं प्रवचन दिलं नव्हतं. वस्तू स्वस्त झाली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली आणि बिल कमी आलं. छोट्या सवयींच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

पण ज्या एका सवयीवर मला सगळ्यांत जास्त भर द्यावासा वाटतो ती ना विजेची ना पिशवीची. ती ओल्या कचऱ्याची आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातला असतो: देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेला भात. हा भाग सुक्यात मिसळला की दोन्ही वाया जातात. कागद भिजतो, प्लास्टिक लडबडतं, भंगारात त्याला भाव उरत नाही. मग सगळंच डेपोवर जातं, ढिगाखाली हवेविना सडतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांच्या मापात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापदायक आहे. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७पासून चालू आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेली आग दिवसचे दिवस धुमसत राहिली, धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जायचा. तिथल्या गावकऱ्यांची पाणी नासल्याची तक्रार वर्षानुवर्षं होती आणि वैतागून त्यांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात ढीग साठायचे आणि मग आपल्याला कचरा नावाची गोष्ट असते हे आठवायचं.

ओला कचरा घरच्या घरी जिरवणं वाटतं तेवढं अवघड नाही, आणि पुस्तिकांत लिहितात तेवढं सोपंही नाही. भोकं पाडलेली झाकणाची बादली किंवा मातीचा माठ, तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला, त्यावर रोजचा कचरा आणि प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी कोकोपीट किंवा सुका पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक, गुळाचं पाणी किंवा कुणाकडचं तयार खत विरजणासारखं घालायचं. बहुतेक लोक पहिल्या पंधरवड्यात हरतात ते वासामुळे. वास येतो म्हणजे आत हवा कमी आणि ओल जास्त. सुका पाला वाढवला, काठीनं ढवळलं की दोन दिवसांत तो जातो. मुंग्या झाल्या तर उलट, फार कोरडं झालं आहे. पांढुरक्या अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्यातल्या बहुतेक कचरा खाऊन फस्त करणाऱ्या माशीच्या असतात, त्या आपलं काम करून निघून जातात. कलिंगड-आंब्याच्या दिवसांत बादली अपुरी पडते, तेव्हा सालं बारीक चिरून आणि थोडी वाळवून टाकावी. दीड-दोन महिन्यांत खाली काळसर, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसल्या वासाचं खत मिळतं. गॅलरीत कुंड्या नसतील तर त्या खताचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचं उत्तर सोसायटीच्या बागेत किंवा रस्त्याकडेच्या झाडाच्या आळ्यात शोधावं लागतं.

ज्यांना खताचा उपद्व्याप नको त्यांच्यासाठी पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती बायोगॅसचं छोटं संयंत्र विकसित केलं. शेणावर चालणाऱ्या पारंपरिक गोबरगॅसपेक्षा वेगळी कल्पना: पिष्टमय, साखरयुक्त खरकटं थेट जंतूंना खायला घालायचं. त्यासाठी संस्थेला २००६मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. गच्ची असलेल्या बंगल्यांना, वसतिगृहांना ते जमतं. फ्लॅटला फारसं नाही. तळकोकणातल्या वेंगुर्ल्यात नगरपरिषदेनं कचरा घरोघरी वेगळा करायला लावून, बायोगॅस आणि प्लास्टिकचा उपयोग यांवर भर देऊन आपला कचरा डेपोच लोक पाहायला येतील असा केला. लहान गावात मुख्याधिकारी मनावर घेतो तेव्हा घरातली सवय लवकर रुजते. कारण घंटागाडीवाला वेगळा न केलेला कचरा खरोखरच परत करतो.

पुण्याचं उदाहरण अजून सांगण्यासारखं आहे. १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ‘स्वच्छ’ ही तिच्यातूनच निघालेली कचरावेचकांची सहकारी संस्था. ती २००८पासून पालिकेच्या बरोबरीनं दारोदार कचरा गोळा करते. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. घराघरातून ठरलेलं शुल्क आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे ही त्यांची कमाई. ओला-सुका वेगळा ठेवायला या बायका पुणेकरांना शिकवू शकल्या, कारण मिसळलेल्या कचऱ्यात हात घालायला लागायचा तो त्यांना, आणि ते त्या तोंडावर सांगायच्या. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही मोहीम त्यांचीच. एक लाल ठिपका काढायला काही सेकंद लागतात. तो नसला की एका बाईला उघड्या हातांनी रक्ताचं पॅड बाजूला करावं लागतं. छोट्या सवयींतली इतकी छोटी आणि इतकी थेट दुसरी सवय मला माहीत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवणं हीदेखील त्याच जातीची: पिशवीला भंगारात भाव मिळतो, सुट्या त्रिकोणी तुकड्याला कुणी उचलत नाही, तो गटारात जातो.

‘पूर्वी आपण पर्यावरणपूरकच होतो’ हे वाक्य अशा चर्चेत हमखास येतं. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, गोधडी, राखेनं भांडी घासणं. सगळं खरं. पण ते टंचाईचं शहाणपण होतं, निसर्गप्रेमाचं नव्हे, आणि त्याच काळात ओल्या लाकडांच्या चुलीपुढे बायकांची फुप्फुसं काळवंडत होती. गॅस आला तेव्हा कुणी हळहळलं नाही, हळहळूही नये. शिवाय त्या काटकसरीचं ओझं कुणी उचललं? आजही ‘आपण कागदी नॅपकिन बंद करू’ असं जेवणाच्या टेबलावर ठरतं आणि कापडी नॅपकिन धुण्याचं काम ठरवणाऱ्याकडे जात नाही. खताची बादली ढवळणं, सुक्या कचऱ्यातले डबे विसळणं, डाळ आधी भिजत घालणं, यातली बहुतेक कामं घरच्या बाईच्या किंवा कामवालीच्या वाट्याला येतात. सवय घराची म्हणायची आणि हात एकाचेच, अशा घरात ती सवय मोडते. मोडली तर त्या बाईचा दोष नाही.

पाण्याकडे वळू. शहरी घराला माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचं माप आहे. भांडी नळाखाली न घासता टबात विसळणं, फ्लशची टाकी लहान करणं वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट आरओची. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर सांडतो. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९मध्ये केंद्राला सांगितलं होतं. मुंबई आणि पुण्याचं पाणी सह्याद्रीतल्या धरणांचं, क्षार मुळातच कमी. पालिकेचं पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवणं म्हणजे वर्षाला हजारो लिटर गटारात सोडायचं यंत्र विकत घेणं. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या उपनगरांची गोष्ट वेगळी. कोणतं पाणी आहे हे दोनशे-चारशे रुपयांचं टीडीएस मीटर सांगतं. विक्रेता सांगत नाही.

मात्र पाण्याच्या बाबतीत घरगुती काटकसरीची मर्यादा मान्य करायला हवी. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरकरांनी नळ बंद ठेवले नाहीत म्हणून ती वेळ आली नव्हती. राज्यात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चारेक टक्क्यांवर ऊस आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा तोच पितो. म्हणून ताटातली निवड नळाच्या तोटीपेक्षा जड ठरते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत येते. २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आठवड्यातून चार वेळा पोळीऐवजी भाकरी हा बदल चवीला अवघड नाही, हाताला आहे. भाकरी थापणं हे कौशल्य शहरी घरांतून दोन पिढ्यांत गेलं. पोळी-भाजी केंद्रांवर भाकरी मिळू लागली आहे, हे म्हणूनच शुभचिन्ह. साखर थोडी कमी करायला तर कौशल्यही लागत नाही.

अन्न वाया घालवण्याबद्दल आपण स्वतःला निर्दोष समजतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न टाकलं जातं असा अंदाज आहे. जगाची सरासरी ७९. कमी आहे, पण नगण्य नाही, आणि त्यात लग्नाच्या पंगती धरलेल्या नाहीत. फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा ही हवामानबदलाची उत्तरं आहेत, असं म्हटलं तर हसू येईल. येऊ द्या.

कपड्यांचं थोडक्यात. एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो जगाची सरासरी आहे. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर येतो, त्याला हा आकडा जसाच्या तसा चिकटवू नये. कमी कपडे घ्यावेत, जास्त दिवस वापरावेत, यासाठी तो आकडा लागतही नाही.

प्रवासाच्या बाबतीत यादीतल्या सवयी बहुतेक फुसक्या निघतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. दहा किलोमीटरवरच्या कचेरीत कारनं एकटं जाणारा माणूस, महिन्याला पाचशे किलोमीटर, पंधराचं मायलेज धरलं तर महिन्याला पंचाहत्तर किलोंहून जास्त सोडतो. स्कूटरवाला पंचवीसच्या आसपास. बस किंवा लोकलमधला त्याहूनही बराच कमी. सिग्नलला इंजिन बंद करणं चांगलंच, पण ते वर्षाला नऊशे किलोंच्या कडेवरचं लहानसं काम आहे. आणि इथे सवय एकट्याच्या हातात नसते. मुंबईकर लोकलनं जातो तो पर्यावरणाच्या ओढीनं नाही. लोकल आहे म्हणून जातो. पुणेकर स्कूटर काढतो कारण बसची वाट किती वेळ पाहावी लागेल हे त्याला सांगता येत नाही.

विमान हा तर मराठी मध्यमवर्गाचा हळवा विषय आहे. मुंबई-लंडन जाऊन-येऊन एका प्रवाशामागे एक टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. सरासरी भारतीय माणूस वर्षभरात सगळं मिळून दोनेक टन सोडतो. म्हणजे एका परदेश सहलीत सहा महिन्यांचा कोटा संपतो, आणि अमेरिकेचं अंतर त्याहून कितीतरी जास्त. न्यू जर्सीतल्या नातवाला भेटायला जाऊ नका असं कुणी आजीला सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण दोनदा जाण्याऐवजी एकदा जाऊन जास्त दिवस राहणं शक्य असतं, आणि बालीची चार दिवसांची सहल नातवंडांच्या भेटीत मोडत नाही. बांबूचा टूथब्रश घेऊन बालीला जाणाऱ्यानं तो ब्रश घरी ठेवला तरी चालेल. एक चांगलं काम केलं की दुसरीकडे सूट घ्यायची ही माणसाची जुनी खोड आहे. मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर बरंच काम केलं आहे. आपल्याकडे तिच्यासाठी उपवासाच्या दिवशीचा साबुदाणावडा पुरेसा बोलका आहे.

उरला प्रश्न सवय टिकण्याचा. एकवीस दिवसांत सवय लागते असं म्हणतात, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला अठरा पुरले, तर कुणाला अडीचशेहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर फार बिघडलं नाही. आणि या सवयी एखाद्या रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेल्या होत्या, ‘न्याहारीनंतर’ अशा. म्हणजे ‘वीज वाचवीन’ हा संकल्प निरुपयोगी. ‘रात्री दाराला कडी लावताना टीव्हीचं बटण बंद करीन’ हा चालतो. दुसरा मार्ग शेजाऱ्याचा. अमेरिकेत लाखो घरांना विजेच्या वापराचा अहवाल पाठवला गेला, त्यात आसपासच्या घरांचा वापरही छापलेला होता; तेवढ्यानं वीज सरासरी दोन टक्क्यांनी कमी झाली. दोन टक्के थोडे वाटतात, पण त्यासाठी एकही पंखा बदलावा लागला नव्हता. आपल्याकडच्या वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो, शेजाऱ्यांचा नसतो.

शेजाऱ्याशी तुलना करायची आपली खरी जागा म्हणजे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. पार्किंग, गळती आणि थकबाकी यांत ती संपते. पण गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं का, ओला कचरा आवारातच जिरवायचा का, जिन्यातले दिवे माणूस आला की लागणारे करायचे का, हे ठराव तिथेच होऊ शकतात; एकट्या फ्लॅटधारकाच्या हातात ते नसतात. पैशाची बाजूही लंगडी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि सोसायटीच्या सामायिक विजेसाठी वेगळा दर. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांतलं काही चालू ठेवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. सभेत यावर पहिला आक्षेप तळमजल्यावरून येतो (गच्ची वरच्यांची, वर्गणी आमची का), दुसरा निवृत्तांकडून (पैसे वसूल होईपर्यंत आम्ही कुठे). पहिल्याला उत्तर आहे: लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं, तळमजल्याच्याही. दुसऱ्या आक्षेपावर साधारणपणे चहा येतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो.